भावाच्या खांद्यावरचा झगा

पूर्वी पारसिक देशात एक शहेनशहा राज्य करीत असताना बोधिसत्त्व उत्तरेकडच्या एका डोंगरी खोऱ्यात त्याचा मांडलिक म्हणून जन्मला. त्याचं नाव बेहमर्द. दर वसंतात शहेनशहाचा दूत मानाचा झगा घेऊन येई. मांडलिकाने वेशीपर्यंत पायी जायचं, लोकांदेखत झगा अंगावर घ्यायचा आणि मगच फर्मान ऐकायचं, अशी रीत. ज्याच्या अंगावर झगा त्याचं राज्य, आणि फर्मान पाळणंही त्याच्याच गळ्यात. मनात आलं तर मांडलिक तो आपल्या हाताने वारसाच्या अंगावर घालू शके.

वारस असलेल्या धाकट्या भावाला, गुश्नास्पला, मात्र तेवढा धीर नव्हता. एवढ्याशा खोऱ्यासाठी माणसाने किती घसरावं! त्याने गुपचूप शहेनशहाला लिहिलं, की भाऊ बंडाच्या तयारीत आहे, त्याचे डोळे घालवा आणि झगा मला द्या. तिकडे आंधळ्याला राज्य करता येत नसे.

वसंत आला. नेहमीप्रमाणे झगा बेहमर्दच्याच अंगावर चढला. असू दे, आपलं काम फर्मानात असेल, असं म्हणत गुश्नास्प कान टवकारून उभा राहिला. म्हाताऱ्या दूताने आधी त्याचंच पत्र खणखणीत आवाजात वाचलं आणि मग फर्मान: "जो सख्ख्या भावावर उलटतो, तो उद्या माझ्यावर उलटेल. झगा पांघरणाऱ्याने आपल्या भावाचे डोळे आज इथेच तापल्या सळईने घालवावेत. नाहीतर खोरं बेचिराख होईल."

  बेहमर्द भावाकडे वळला.

"हे तू लिहिलंस?"

गुश्नास्पने कशीबशी मान हलवली.  मग बेहमर्दने झगा उतरवला आणि भावाच्या खांद्यावर घातला. फर्मानात कुणाचं नाव आहे का, असं त्याने दूताला विचारलं. दूताने पुन्हा वाचून पाहिलं. नाव नव्हतं.

"मग झगा आता याच्या अंगावर आहे," बेहमर्द म्हणाला, "आणि याचा भाऊ मी."

दूत हादरलाच. असलं काही त्याने उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. गुश्नास्प भावाच्या पायांवर कोसळला, माझेच डोळे जाळ म्हणून हंबरडा फोडू लागला. बेहमर्दने त्याला उठवलं.

"ते मला बघवणार नाही. सळई घट्ट धर. हात थरथरला तर मलाच जास्त दुखेल."

आणि गुश्नास्पने ते केलं. खोरं वाचवायला भावाने दुसरी वाटच ठेवली नव्हती. पुढे तीस वर्षं त्याने राज्य केलं, चांगलं केलं, आणि रोज भावाला आपल्या हाताने जेवू घातलं.

भिक्खूंना एवढं सांगून शास्ता, म्हणजे बुद्ध, म्हणाले, "तेव्हाचा शहेनशहा आजचा देवदत्त, दूत आजचा आनंद, आणि बेहमर्द मीच."

ही गोष्ट सांगितली त्याच सकाळी एका भिक्खूने आपल्या सख्ख्या भावाविरुद्ध शास्त्यांचे कान भरले होते. भाऊही भिक्खूच, समोरच बसलेला. कान भरणारा भिक्खू उठला. "गुश्नास्प मी," म्हणाला, आणि भावाच्या पायाशी जाऊन बसला. भावाने त्याचा हात धरला.

"हिलाच मैत्री पारमिता, मैत्रीची परिपूर्णता, म्हणतात," शास्ता म्हणाले.