दाराच्या पोटातलं पाणी

“…आणि एवढं सगळं करूनही गाडीत पाणी शिरतंय कुठून, एवढं तरी सांगता येईल का तुम्हाला?”

कवठेकर साहेबांचा आवाज गॅरेजच्या पत्र्याला जाऊन भिडला. हौसाक्का खाली पोत्यावर बसून एका जुन्या डायनामोची माती खरवडत होती. तिनं मान वर केली नाही.

“गाडीत पाणी शिरतंय, हे कुणी सांगितलं तुमास्नी?”

म्हणजे अर्धा तास आपण भिंतीशी बोललो, साहेबांच्या मनात आलं. त्यांच्या कानशिलावरची शीर उडायला लागली.

साहेब साधे नव्हते. पस्तीस वर्षं त्यांनी धरणांवर काढली होती. दोन धरणं त्यांच्या देखरेखीखाली उभी राहिली, एकाच्या भिंतीवर संगमरवरात त्यांचं नाव आहे. डोंगराएवढं पाणी ज्यानं अडवलं, त्याला एक मोटारगाडी आवरू नये? आणि उत्तर मागायला यायचं कुठं, तर लुगड्याचा काष्टा मारून बसलेल्या एका सत्तरीतल्या बाईकडं, जी शाळेत चौथीच्या पुढं गेली नाही.

पण कोल्हापुरात जुन्या गाड्यांच्या वायरिंगला हात लावणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं. नवरा गेला तेव्हा त्याची हत्यारं विकून टाक म्हणून दीर मागं लागले होते. हौसाक्कानं हत्यारं ठेवली आणि दिरांना घालवलं. मग एकेक डायनामो उघडून, विजेचे झटके खाऊन, जे शिकायचं ते शिकली. शिकवणारं कुणी नव्हतं. आता तिच्या हाताखाली शिकून गेलेले पंचवीस-तीस जण गावोगाव दुकानं थाटून बसलेत आणि अडलं की तिच्याकडंच येतात.

साहेबांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. आवाज खाली घेतला, पण राग तेवढाच.

गाडी काळी, लांबलचक, एकसष्ट सालची. एका तेलगिरणीच्या शेठची. साहेबांचे वडील, अण्णा, तिच्यावर बावीस वर्षं ड्रायव्हर होते. बावीस वर्षांत मागच्या गादीवर ते एकदाही बसले नाहीत. ती शेठची जागा. साहेबांनी लहानपणी एकदा त्या गादीला नुसता हात लावला, तेव्हा शेठाणीनं गादी पुसून घेतली होती.

अण्णांकडूनच.

ते साहेब विसरले नाहीत. शेठच्या नातवानं गाडी विकायला काढल्याचं कळलं त्याच दिवशी जाऊन त्यांनी ती घेतली. तीच गाडी. अण्णा ऐंशीचे झालेत, पाय चालतात तोवर त्यांना शेठच्या जागेवर बसवून अख्खं गाव हिंडवून आणायचं, एवढ्यासाठी.

“आणि त्या हरामखोरानं मला काय विकलं?” साहेब म्हणाले. “चाळणी.”

मग साहेब कामाला लागले होते. काचांचं रबर नवं. छताचा सांधा बंद. दारांच्या कडा बंद. जिथं बोट शिरेल तिथं सिलिकॉन भरलं, जिथं सुई शिरेल तिथंही भरलं. नळ्यांवर नळ्या संपल्या. वायरिंग दोनदा बदललं. कुठं काय केलं याची वही लिहिली, तारखेसकट. आणि नातवाला एक कडक पत्र धाडलं, त्याचं उत्तर अजून नाही.

एवढं झाल्यावर एका भरल्या पावसाच्या दिवशी अण्णांना मागं बसवून ते महाद्वार रोडला निघाले.

“मग?” हौसाक्कानं मधेच विचारलं.

मग… भर बाजारात हॉर्न वाजायला लागला. आपोआप. थांबेचना. दिवे गेले. वळणावर गाडी कलली आणि दाराच्या आतून घागरभर पाणी अण्णांच्या पायांवर आलं. दोन्ही बाजूंनी लोक हसत होते. अण्णा खाली उतरले, वहाणा हातात घेतल्या आणि भोंगा वाजवणाऱ्या गाडीला मागं टाकून पायी घरी गेले.

एकोणीस दिवस झाले. आता गाडीचं नाव काढलं की कूस बदलतात.

“काईच बोलले न्हाईत?”

साहेबांनी ओठ आवळले. “बोलले. एकच वाक्य. म्हणाले, शेठकडं होती तेव्हा अशी नव्हती ही.”

हे सांगताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते सुद्धा रागाचंच. ज्यांच्यासाठी एवढं केलं त्यांनी शेवटी शेठचीच बाजू घ्यावी? ज्यानं कधी गादीवर बसू दिलं नाही त्याची?

हौसाक्का उठली. गुडघ्यांवर हात ठेवून, सावकाश. नळाला पाइप लावला, सरळ गाडीच्या टपावर धरला आणि पाइप साहेबांच्या हातात दिला. काचांवर मारा, दारांवर मारा, म्हणाली.

साहेबांनी पाच मिनिटं पाणी मारलं. मग दार उघडून आतल्या गालिच्यावर तळवा फिरवला. कोरडा. छत कोरडं, गाद्या कोरड्या. त्यांचा चेहरा खुलला. हे बघा, म्हणाले, थेंब नाही. माझ्या कामात खोट नाहीच, त्या नातवानंच काहीतरी मुळात…

हौसाक्कानं त्यांना पुरतं बोलू दिलं नाही. तिनं दाराची मूठ धरली आणि दार मागं-पुढं हलवलं.

दाराच्या पोटात पाणी डचमळलं.

तिनं पुन्हा हलवलं. भरलेली घागर कमरेवर बदलावी तसा आवाज.



“ह्या काचा खाली-वर होत्यात का न्हाई?” हौसाक्का म्हणाली. “मग पानी दारात उतरणारच. नव्या गाडीत उतरतं, शेठच्या गाडीत उतरत हुतं. ते कुठनं शिरतंय म्हनून डोकं फोडून घेतलासा. जातंय कुठनं, ते बगितलासा का?”

एवढं बोलून ती पुन्हा खाली बसली. दाराच्या खालच्या काठाला, जमिनीच्या बाजूनं, तिनं बोट लावलं आणि ते एका टोकापासून सरकवत नेलं. एका जागी थांबलं. दुसऱ्या हातानं तिनं मोडक्या छत्रीची काडी उचलली.

“थांबा,” साहेब ओरडले. “भोक पाडताय तुम्ही माझ्या गाडीला?”

तिनं काडी खुपसली.

साहेबांनी स्वतःच्या हातानं भरलेला सिलिकॉनचा बोळा निघाला आणि त्याच्या मागून काळं, कुबट पाणी धो धो आलं. साहेबांचे बूट भिजले. ते मागं सरले नाहीत. मोठा अधिकारी माणूस, पण त्या क्षणी त्यांना हलायचं सुचलंच नाही. दार भरायचं, भरून वर यायचं, गालिच्याखाली उतरायचं आणि गालिच्याखालून तर सगळ्या वायरी गेलेल्या… आपोआप वाजणारा हॉर्न, गेलेले दिवे, अण्णांचे भिजलेले पाय. सगळं त्या एका बोळ्यामागं होतं.

दोन धरणं बांधलेल्या माणसानं सांडवाच बुजवला होता.

हौसाक्का दुसऱ्या दाराकडं गेली. पुन्हा तेच. बोट खालच्या काठानं हळूहळू सरकत निघालं…



असं फिरणारं बोट साहेबांनी आधी पाहिलेलं होतं. गाडी घरी आली त्या दिवशी सगळी गल्ली गोळा झाली होती, कुणी हार घातला, कुणी पेढे वाटले. अण्णा मात्र वाकले होते. असेच. असंच बोट दाराच्या खालून फिरवत होते आणि काहीतरी म्हणत होते. आणि साहेबांनी त्यांचं मनगट धरून त्यांना उठवलं होतं. चारचौघांत. अण्णा, उठा, म्हणाले होते, आता तुम्ही ड्रायव्हर नाही.

“काय म्हनत हुते?” हौसाक्कानं विचारलं. साहेब हे सगळं मोठ्यानं बोलले होते, त्यांचं त्यांनाच कळलं नव्हतं.

“ऐकलं नाही मी.”

हौसाक्का पुढं सरकली. तिसरं दार. चौथं दार. पाण्याचे चार ओघळ गॅरेजच्या फरशीवरून गटाराकडं गेले. साहेब त्यांच्याकडं पाहत उभे होते. राग अजून होता, पण तो कुणावर करावा हे आता त्यांना ठरवता येत नव्हतं. नातवावर करून बघितला, टिकला नाही.

हात पुसून हौसाक्कानं काडी बाजूला ठेवली.

“झालं?” साहेबांनी विचारलं.

“न्हाई. अजून एक हाय. पुढच्या काचंखाली जाळी हाय बगा, तिच्या पान्याची वाट. तुमचं सिलिकॉन आत उतरून ती बी बुजलीया. ती उघडल्याबिगर हॉर्न गप बसायचा न्हाई.”

“कुठं आहे ती?”

“बाहेरनं दिसत न्हाई.”

“तुम्हाला ठाऊक आहे?”

“हाय की.”

“मग उघडा ना, आक्का.”

आल्यापासून पहिल्यांदा ते आक्का म्हणाले होते. हौसाक्का पोत्यावर जाऊन बसली, डायनामो मांडीवर घेतला.

“न्हाई उघडणार.”

साहेबांचा चेहरा पुन्हा तापला. हा कसला धंदा, म्हणाले. काम अर्धवट टाकून माणसाला परत पाठवायचं, मी काय तुमच्या दारी भीक मागायला आलोय, वाटेत परत हॉर्न वाजला तर मी काय करायचं, कुणाकडं जायचं…

हौसाक्कानं त्यांना सगळं बोलू दिलं. सगळं संपेपर्यंत. मग माती खरवडता खरवडता म्हणाली,

“ही गाडी बावीस वर्सं धुतलेला मानूस तुमच्या घरात बसलाय. त्यास्नी इचारा.”