पडवीचं माप

“मग चुकलं कुठं माझं? तेवढं सांगा.”

मनोहर इंगवल्यांनी हे इतक्या मोठ्यानं विचारलं की कडुलिंबावरच्या साळुंक्या उडाल्या.

कासीमबाबांनी वर बघितलं, साळुंक्या पार दिसेनाशा होईपर्यंत बघितलं. मग जर्मनचा तांब्या पुढं सरकवला.

“पाणी पी.”

“नको.”

“उन्हातनं आलास.”

“नको म्हटलं ना बाबा.”

बाबा हसले. दात दोनच उरले होते, पण हसण्यात कंजुषी नव्हती.

“पडवी बाहेर आलीय म्हणून पीत न्हाईस व्हय?”

गोष्ट खरी होती.

इंगवले म्हणजे महापालिकेच्या अतिक्रमण विभागाचे प्रमुख. हाताखाली बेचाळीस माणसं आणि दोन जेसीबी. शहरात कुणी नियमाबाहेर वीतभर भिंत वाढवली तरी यांच्या नजरेतून सुटत नसे. पथकात नवा माणूस आला की ते त्याला पहिल्याच दिवशी एक धडा देत. ज्या घराचं माप घ्यायचं, त्या घरचं पाणीही प्यायचं नाही. पाणी प्यालात तर माप घ्यायचं नाही, दुसऱ्याला पाठवायचं. तीस वर्षांत त्यांच्या पथकातल्या कुणी कुणाच्या दारात चहाचा घोट घेतला नव्हता. या गोष्टीचा त्यांना फार अभिमान होता, आणि तो त्यांच्या चेहऱ्यावर चष्म्यासारखा कायम असे.

जुन्या दगडखाणीच्या काठावर कासीमबाबांचा तकिया, म्हणजे फकिराचं ठिकाण, होतं. बाबांनी उभा जन्म या खाणीत दगड फोडला आणि खाण बंद पडल्यावर ते तिथंच राहिले. खोलीला दार नव्हतं. पुढं लांबलचक पडवी होती, खाणीतल्या जुन्या सोबत्यांनी गेल्या साली बांधून दिलेली. वाटसरू तिथं टेकत, पोरंबाळं झोपत. कुणीतरी तिची तक्रार केली होती आणि कागद इंगवल्यांच्या टेबलावर आला होता.

असल्या पाहणीला साहेब स्वतः कधी जात नसत. आज आले, ते एकटे आले. खांद्याला पिशवी, पिशवीत टेप. पाहणी हे निमित्त होतं. खरं कारण एवढंच की शहरात दार नसलेली अशी एकच जागा त्यांना माहीत होती.

“सात फूट बाहेर आहे,” इंगवले म्हणाले. “टेप न लावता सांगतो.”

“मग पाड की.”

इंगवल्यांनी पिशवी मांडीवर ओढून घेतली.

“चुकीचं असंल तर पाडायचं. त्यात काय विचारायचं?”

“मी तेच करत आलो आयुष्यभर!” इंगवले उसळून म्हणाले. “आमदाराच्या मेहुण्याचं गोदाम पाडलं. माझ्याच साहेबाचं गॅरेज पाडलं. एक पैसा खाल्ला नाही. कुणाचा मुलाहिजा ठेवला नाही. आणि आज... आज माझ्याकडं बघतसुद्धा नाही कुणी.”

बाबा ऐकत राहिले. ऐकणारा मिळाला की बोलणाऱ्याचा बांध फुटतो, तसं इंगवल्यांचं झालं.

शहरात वर्षाला शेकड्यांनी वास्तुशांती होतात, त्यांतल्या एकीचंही बोलावणं आपल्याला येत नाही, ते म्हणाले. आपल्याच हाताखालच्या ओव्हरसियरनं घर बांधलं. तिसऱ्या दिवशी टेबलावर पेढ्यांचा पुडा आला, बोलावणं काही आलं नव्हतं. दुपारी डबा घेऊन आपण पथकाच्या खोलीत गेलो की चाललेलं हसणं बंद पडतं, म्हणून चार वर्षं आपण केबिनमध्येच जेवतो. चार वर्षं, म्हणजे बायको गेल्यापासून. तोवर निदान घरी बोलायला माणूस होतं.

“हे तुझं जुनं दुखणं हाय,” बाबा म्हणाले. “आज काय झालं?”

इंगवल्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

“माझ्या भाचीचं लग्न आहे. रविवारी.”

“मग?”

“मला पत्रिका नाही.”

“तुला कळलं कसं?”

“क्लार्कच्या टेबलावर पत्रिका पडली होती. त्याला बोलावणं आहे... श्रावणीच्या लग्नाचं. मामाच्या ओळीत माझ्या चुलतभावाचं नाव छापलंय.”

हे सांगताना त्यांचा आवाज अगदी साहेबाचा होता, पण हात मात्र पिशवीचा बंद पिरगाळत होते. रविवारी भटजी पुकारणार, ‘मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं.’ आणि सख्खा मामा तेव्हा स्वतःच्या घरात पंख्याखाली बसलेला असणार. हे चित्र दोन दिवस त्यांच्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं. जेवण जात नव्हतं.

“एकच बहीण आहे मला,” ते म्हणाले. “शैला. सहा वर्षांत माझ्याशी बोललेली नाही. माझी बायको गेली तेव्हा आली, तिच्या पाया पडली, आणि तशीच गेली.”

“तिचं काय पाडलंस?”

इंगवल्यांनी चमकून बघितलं. जखमेवर नेमकं बोट ठेवणाऱ्याचा राग येतो, तसा त्यांना आला. पण राग काढायलाही माणूस आपलं लागतं, आणि इथं बाबांशिवाय होतं कोण?

“बाल्कनी,” ते म्हणाले.

“चुकीची हुती?”

“चार फूट बाहेर होती.”

“मग पाडायलाच पायजे हुती.”

“हेच! हेच मी सहा वर्षं सगळ्यांना सांगतोय! पेपरात आलं होतं, ‘बहिणीलाही सोडलं नाही’ म्हणून. ते कात्रण लावलंय मी ऑफिसात. आता तुम्हीच सांगा, नियमानं बघितलं तर माझं चुकलं कुठं?”

वारा आला, पडवीच्या कौलांवर लिंबाची पानं सरसरली.



“टेप हाय?” बाबांनी विचारलं.

“आहे.”

“लाव की पडवीला. टेप न लावता सांगतोस, मला कसं पटावं?”

इंगवले उठले. काम हातात आल्यावर त्यांना जरा हायसं वाटलं. पिशवीतून तीस मीटरची टेप काढली. गोल डबी, टोकाला पितळी कडी. कडी पडवीच्या पहिल्या खांबाच्या कपारीत अडकवली आणि डबी घेऊन ते चालू लागले. पाच पावलांवर कडी सुटली आणि टेप मातीवर लोळू लागली. ते परत आले. कडीवर दगड ठेवला. पुन्हा निघाले. दगड कलंडला. तिसऱ्या वेळी खांबाला रुमाल बांधून त्यात कडी खोवली, तर रुमालच निसटला. बेचाळीस माणसांचा साहेब एका कडीपुढं घामाघूम झाला होता.

बाबा बसल्या जागेवरून बघत होते. मदतीला उठले नाहीत.

शेवटी इंगवले म्हणाले, “बाबा, जरा टोक धरता का?”

“एकट्याला जमत न्हाई?”

“कुणाला जमेल? पलीकडचं टोक धरायला माणूस लागतोच. रोज पथकातलं कुणीतरी असतं. नाहीतर घरमालकच धरतो.”

“बहिणीच्या घरी कुणी धरलं हुतं?”

इंगवले जिथं होते तिथंच उभे राहिले. डबी हातात, टेप मातीत.

“कुणी धरलं हुतं बेटा?”

“...तिनं.”



इंगवले पडवीच्या कडेवर बसले. हे त्यांनी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही.

“वास्तुशांतीचा दिवस होता,” ते म्हणाले. “जेवलो. चार पुरणपोळ्या वाढल्या तिनं, नको नको म्हणताना. मग घर दाखवायला घेऊन गेली. बाल्कनीत पाय टाकला आणि... पावलांनीच कळलं मला. आपसूक कळतं, काय करू? गाडीतून टेप आणली. म्हटलं, नक्की करून टाकू. ती धावत आली. ‘अण्णा, मी धरते,’ म्हणाली. कडी धरून त्या टोकाला उभी राहिली. नवी साडी... हसत होती. ‘किती भरलं, अण्णा?’ मी म्हटलं, लांबी चौदा फूट तीन इंच. ‘लिहून घे हं नीट,’ म्हणाली. मी लिहून घेतलं.”

“मग?”

“नवव्या दिवशी नोटीस गेली. त्यात तोच आकडा होता.”

त्यांनी हातातली डबी खाली ठेवली.

“पाडायला पथक नुसतं पाठवलं नाही. स्वतः उभा राहिलो. उद्या कुणी म्हणायला नको, बहिणीसाठी तोंड लपवलं. ती खाली रस्त्यावर उभी होती श्रावणीचा हात धरून. पहिला धक्का बसला आणि वरून एक दांडी खाली आली. पडद्याची. नवी कोरी, अजून प्लॅस्टिकसुद्धा काढलं नव्हतं तिचं. तेव्हा मला कळलं तिला काय वाटलं होतं ते. तिला वाटलं, अण्णा पडदे देणार. म्हणून माप घेतोय. दांडी लावून वाट बघत होती ती...”

साळुंक्या परत आल्या होत्या. त्यांचा कलकलाट चालू होता. इंगवल्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांच्या लक्षात नव्हतं. छपन्न वर्षांचा माणूस, ज्याला बघून अख्खी बाजारपेठ आपले फलक आत ओढून घेते, तो खाणीच्या काठावर लहान पोरासारखा रडत होता.

बाबांनी पुन्हा तांब्या पुढं सरकवला.

इंगवल्यांनी तो उचलला. अर्धा तांब्या एका दमात प्याले. मग एकदम थांबले, हातातल्या तांब्याकडं बघितलं.

“काय झालं?”

“पाणी प्यालो.”

“पाणीच हुतं ते.”

“तसं नाही बाबा. आता मला या पडवीचं माप घेता येणार नाही. पथकाचा नियम आहे. मीच केलाय.”

“नियम चांगला हाय,” बाबा म्हणाले. “त्या दिवशी पोळ्या खाल्ल्यावर कुठं ठेवला हुतास?”

इंगवल्यांनी तांब्या खाली ठेवला. सहा वर्षं जो प्रश्न ते गावभर विचारत फिरत होते, त्याचं हे उत्तर होतं की नुसता प्रश्नच होता, हेही त्यांना कळेना.

“आण इकडं,” बाबा म्हणाले.

“काय?”

“टेप. तुला चालत न्हाई तर मी घेतो माप.”

बाबा गुडघ्यावर हात टेकून उठले. मातीतली टेप गोळा केली, कफनीला पुसली. पितळी कडी त्यांनी इंगवल्यांच्या हातात दिली आणि त्यांना पहिल्या खांबापाशी उभं केलं. स्वतः डबी घेऊन निघाले.

“धरून ठेव.”

इंगवल्यांनी कडी धरली. तीस वर्षांत त्यांनी हजारो मापं घेतली होती, पण कडी धरून या टोकाला ते कधी उभे राहिले नव्हते. ती किती लहान आहे हे त्यांना आज पहिल्यांदा जाणवलं. दोन बोटांत मावत होती.

बाबा सावकाश चालत गेले. टेप हळूहळू सुटत गेली, जराशी ताठ झाली. पडवीच्या कोपऱ्यावरून बाबा वळले आणि दिसेनासे झाले. उरली फक्त टेप, कोपऱ्यापर्यंत गेलेली, वाऱ्यानं किंचित थरथरणारी. पलीकडं कोण काय बघतंय, काय लिहितंय, इथून काही कळत नव्हतं. या टोकाला उभं राहिलं की नुसतं धरायचं असतं आणि पलीकडच्यावर भरवसा ठेवायचा असतो.

मावळतीचं ऊन उघड्या पडवीतून थेट त्यांच्या तोंडावर आलं. खाणीच्या काठावर दुसरं माणूस नव्हतं.

पलीकडून आवाज येईना. टेप ढिली पडल्यासारखी वाटली. म्हातारा गेला की काय सोडून?

“बाबा...”

उत्तर नाही.

“बाबा, किती भरलं?”

शब्द तोंडातून गेल्यावर ते त्यांनी स्वतःच ऐकले. कडी सुटू लागली.

कोपऱ्यापलीकडून टेपला एक हलका हिसका बसला. मग बाबांचा आवाज आला...

“सोडू नगंस. पडद्याचं माप घ्यायलोय.”