सातवा आणि आठवा थर

त्या राज्यात दगड नव्हता, लोखंडही नव्हते. जे काही उभे होते, ते थरावर थर चिकटवूनच. दरीवरचा पूलही तसाच: झाडांच्या धाग्यांचे सोळा पातळ थर आणि मध्ये डिंक. कुणाचे धागे उभे, कुणाचे आडवे. त्यामुळे वारा कुठूनही आला तरी एखादा थर त्याला पुरून उरे.

एकदा पुलाच्या मधोमध ओंडक्यांची गाडी उलटली. वर ओरखडाही उठला नाही, पण आत सातव्याची आणि आठव्याची पकड सुटली. दोघे एकमेकांना टेकूनच राहिले, तरी भार ज्याचा तो वाहू लागला. ‘सांगितलं तर पूलच मोडतील,’ सातवा मनाशी म्हणे. आठव्यालाही तीच भीती होती.

पुलाचा राखणदार सुभानजी वरचा थर रोज पुसून लख्ख ठेवी. यात्रेचे हत्ती यायला वीस दिवस उरले, तेव्हा रीतीप्रमाणे त्याने कमळजेला बोलावले. ती गणिती होती. तिने लाकडी हातोडीने जागोजागी पूल ठोकला, कान लावला आणि प्रत्येक नाद टिपून घेतला.

मग घरी बसून तिने आकड्यांचा पूल रचला, थरामागून थर. हा निर्दोष पूल खऱ्याहून किंचित चढ्या सुरात वाजला. म्हणून ती आकड्यांतच एकेका जागचा डिंक सोडवून पाहू लागली. नाद जुळेना. सतराव्या दिवशी तिने मधोमध, सातव्या-आठव्यामधली वीतभर जागा सोडवली आणि दोन्ही पूल एका सुरात बोलले.

सुभानजी उखडला. “बाई, एक चरा दाखवा! रोज हात फिरवतो मी.”

“वरून फिरवता, दादा. डिंक आत सुटलाय.”

“मग काय, फाडून बघू?”

“फाडायचं कशाला? मी सांगते तिथं सुईएवढं भोक पाडा.”

भोकातून सुस्कारा टाकावा तशी हवा बाहेर आली. सुभानजीचा चेहरा उतरला. त्याने स्वतः डिंक कोमट करून आत सोडला आणि थर दाबून बसावेत म्हणून वर दोन दिवस भरल्या घागरी ठेवल्या.

“तू कधी बोलला नाहीस,” आत आठवा म्हणाला.

“तू इतका जवळ होतास,” सातवा म्हणाला. “वाटलं, तुला कळलंच असेल.”

हत्ती आले. पूल वाकला, आणि सोळा थर एकदमच सावरले.

त्या संध्याकाळी सुभानजी जेवायला बसला. त्याची बायको येसू नेहमीसारखी हसतमुखाने वाढत होती. त्याने ताट बाजूला सारले, तिला जवळ बसवले, तिच्या पाठीवर अलगद हात ठेवला, “वरचं नको, आतलं सांग,” म्हणाला आणि कितीतरी वेळ नुसता ऐकत राहिला.