दिवसा उगवलेला तारा

बालाघाटाच्या कुशीतल्या सावरखोरे गावी ओंकारगीर महाराजांचा मुक्काम होता, त्या उन्हाळ्याची ही गोष्ट.

गावाबाहेर बुरुडांची चार घरे. तिथली तानाई महाराजांची भोळी भक्त. त्या वर्षी वस्तीचा झरा आटला. तानाईची सून पोटुशी. नदीवरून पाणी आणताना चक्कर येऊन पडली. तानाई धावतच भुजंगराव देशमुखांच्या दारी गेली.

"सरकार, तुमच्या विहिरीचं पाणी भरू द्या. पोरीचा जीव जाईल."

देशमुख मिशीत हसले. "दिवसा तारा दिसला, की खुशाल भर!"

भोवतालची मंडळी खो खो हसली. तानाई मात्र हात जोडून थेट महाराजांकडे आली.

"महाराज, देशमुखांनी शब्द दिला! तारा तेवढा दिसायचा राहिलाय."

महाराज प्रसन्न हसले. "मग घागर घासून ठेव, बाई."

सारा गाव तिला चिडवू लागला, "तानाई, उगवला का गं तारा?" ती हसून सोडून देई. पण सुनेचे सुकलेले ओठ पाहिले की ती पुन्हा घागर घासायला बसे.

आणि काय सांगावे! एका संध्याकाळी ऐन माथ्यावर नवीच चांदणी दिसली. ती रोज वाढू लागली, शुक्रालाही फिकी पाडू लागली. अवसेला तिच्या उजेडात बाभळीच्या काट्याकाट्याची सावली अंगणात उमटली!

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी तानाई बांबू सोलत होती. सहज मान वर केली, तर पूर्वेच्या निळ्या आभाळात, लख्ख उन्हात, पांढरीशुभ्र ठिणगी लखलखत होती! हातातला कोयता तिथेच टाकून ती घागर घेऊन धावली. मागे अख्खा गाव.

देशमुखांनी डोळे चोळले, हाताचा आडोसा केला. तारा जागचा हलेना.

"सरकार, दिसतोय ना तुम्हालाही?" तानाईने आनंदाने विचारले.

देशमुखांनी विहिरीचे दार उघडले. पहिली घागर स्वतः शेंदली. मग महाराजांपुढे जाऊन उभे राहिले.

"महाराज, माझी जिरवायला एवढा तारा पेटवलात?"

"छे हो!" महाराज म्हणाले. "हा उजेड तुमच्या पणजोबांच्याही आधी तिथून निघालाय. तानाईची हाक देवाला तेव्हाच ऐकू गेली होती."

देशमुखांचे डोळे भरून आले. त्यांनी महाराजांच्या पायांवर मस्तक ठेवले. उठून तानाईपुढेही वाकले. "आई, चुकलो."

पुढे कित्येक महिन्यांनी तो तारा मंद होत होत मावळला. तोवर तानाईच्या घरी नातू रांगू लागला होता, आणि विहिरीचे दार पुन्हा कधीच लागले नाही.