दोघांच्या वाटचे कोष

फार फार वर्षांपूर्वी, ज्याचं नावही आता कुणाला आठवत नाही अशा एका राज्यात, राजाचा रेशमाचा कारखाना होता. तिथे एक कारागीर कोषांचा धागा उकलायचा. त्याचा हात इतका हलका की केसाहून बारीक धागाही तुटत नसे.

आता रेशीम हवं तर कोष आतल्या किड्यासकट उकळत्या कढईत टाकावे लागतात. कारागिराने मात्र तरुणपणीच गुरूंपाशी नेम घेतला होता, की आपल्या हातून जीव जाऊ द्यायचा नाही. पहिल्याच दिवशी त्याने मुकादमाला तसं सांगितलं. असा कारागीर कोण सोडणार? मुकादम म्हणाला, "तुम्ही नुसता धागा काढा. टाकायचं काम ती बाई करील."

शेजारच्या कढईवरची ती विधवा मुकाट्याने दोघांच्या वाटचे कोष टाकू लागली. अशी वीस वर्षं गेली. कारागीर म्हातारा झाला. रोज संध्याकाळी तो देवळात जाऊन समाधानाने हात जोडी. आपला नेम शाबूत आहे याचा त्याला थोडा गर्वही होता. सोवळ्यातल्या माणसांना तो असतोच.

एके दिवशी ती बाई त्याला देवळाच्या पायरीवर बसलेली दिसली. फार थकली होती बिचारी.

"बाई, आत नाही येत?"

"कशी येऊ, दादा? माझ्या आईनं मलाही हाच नेम दिला होता. पण पोरं लहान होती, नाही म्हणायची सोय नव्हती. माझ्या वाटचे जीव तर गेलेच, तुमच्या वाटचेही माझ्याच हातून गेले. मला कुणी विचारलंच नाही."

म्हाताऱ्याला मान वर करवेना. त्या संध्याकाळी देवापुढे त्याचे हात जुळले नाहीत.

सकाळी तो मुकादमाला म्हणाला, "माझ्या वाटचे कोष यापुढे तिने टाकायचे नाहीत."

"मग तुम्ही टाका!"

त्याने टोपली उचलली. कढईची वाफ तोंडावर आली. हात काही पुढे होईना. टोपली खाली ठेवून तो निघाला आणि दारात थांबून म्हणाला, "निदान आज तरी तिला विचारा."

मुकादमाने वैतागून विचारलं, "बाई, तुझं काय?"

"पोरं आता हाताशी आलीत," बाई म्हणाली. तिने कपाळावरचा घाम पुसला आणि तीही बाहेर पडली.

राजाचे शेले काही अडले नाहीत. कढईवर तिसरंच कुणी येऊन उभं राहिलं. पोट कुणाला चुकलंय? ही दोघं गावात कापूस पिंजू लागली. भाकरी अर्धी झाली, सांधे दुखत राहिले. म्हाताऱ्याने हात पुन्हा जोडले, पण ती वीस वर्षं त्याला शेवटपर्यंत बोचत राहिली.

म्हणून लहानथोरांनो, एवढं ध्यानात असू द्या: जे पाप आपल्या हातून नको, ते दुसऱ्याच्या हाती देऊन कुणी निर्मळ होत नाही.