सुभेदारांचे टायर बसले!

टायर वेणूच्या छातीपर्यंत येत होते आणि ट्रकच्या चाकावरची कमान तिच्या कमरेपर्यंत. तरी सुभेदार दौलतराव निकम ओरडत होते, "बसलेच पाहिजेत!"

सुभेदारांनी हे टायर लष्कराच्या लिलावातून आणले होते. एकेक टायर असा, की आत म्हैस निवांत रवंथ करत बसली असती! आणले कशासाठी? तर वडिलांच्या वेळच्या म्हाताऱ्या ट्रकसाठी. खाणीतला मुरूम वाहणारा तो ट्रक चढावर खोकायचा आणि उतारावर शिंकायचा. "लष्करी पाय लागू द्या, मग बघा कसा दौडतो!" असं सुभेदार सगळ्या नांदखेलला सांगून बसले होते. आता माघार कशी घेणार?

तालुक्याहून मिस्त्री आला. त्यानं टायर कमानीला लावून पाहिला आणि डोकं खाजवलं.

"साहेब, पत्रा कापावा लागंल."

"वडिलांच्या ट्रकला करवत? खबरदार!"

"मग गाडी वर उचलून घेऊ. जाड स्प्रिंगा घालून."

"आणि मी चढू कसा? नारळाच्या झाडावर चढतात तसा?"

"मग साहेब, लहान टायर घ्या की!"

सुभेदारांनी काठी उचलली. मिस्त्री पाना तिथंच टाकून पळाला.

वेणूला हसू आवरेना. ती ट्रकचे जुने ड्रायव्हर किसन गाडे यांची लेक. बापाची नजर अधू झाली, तसं तिनं मोठ्या गाडीचं लायसन काढलं आणि बापाची जागा मागायला सुरुवात केली. पण सुभेदारांना ती जागा पुतण्याला, बबनला द्यायची होती. बबन म्हणजे ट्रक ओढ्यात घालून, वर "मासे बघायला थांबलो होतो" असं सांगणारा गडी!

"हसतेस काय गं?" सुभेदार गुरकावले.

"तात्या, ट्रक माझ्या हाती द्या. मी बसवते टायर."

"पोरीच्या हाती ट्रक? लाजेल तो!"

"रोज मीच आंघोळ घालते त्याला. अजून तरी लाजला नाही!"

पारावरची माणसं खिदळली. सुभेदारांच्या मिशा ताठ झाल्या.

"असं? मग ऐक हुकूम! पत्रा कापायचा नाही. ट्रक उचलायचा नाही. टायर तासायचे नाहीत. उद्या सकाळी चारही टायर माझ्या ट्रकवर बसलेले दिसले पाहिजेत आणि ट्रक चालत माझ्या दारात आला पाहिजे. जमलं तर ड्रायव्हर तू. नाही जमलं तर ड्रायव्हर बबन, आणि तू पुन्हा स्टेअरिंगचं नाव काढायचं नाही!"

"तात्या, हुकूम जरा मोठ्यानं सांगा. मागच्यांना ऐकू आला नाही."

"चारही टायर ट्रकवर बसले पाहिजेत!" सुभेदार गरजले. "फौजी माणूस आहे मी. माझा शब्द फिरत नाही!"

"टायर फिरोत न फिरोत, शब्द फिरला नाही म्हणजे झालं!" वेणू म्हणाली आणि चावी घेऊन चालू लागली.

घरी किसननं कपाळावर हात मारून घेतला. "अगं, ते टायर त्या कमानीत जन्मात मावायचे नाहीत!"

"बाबा, तुम्ही फक्त ट्रंकेतले फेटे काढा."

"फेटे? टायर बसवायला?"

"आणि हलगीवाल्यांना सांगावा धाडा!"

सकाळी सुभेदार ओसरीवर बशीतून चहा ओढत होते. तेवढ्यात हलगी कडाडली. समोरून ट्रक आला. आपल्या जुन्याच चाकांवर, खोकत, शिंकत, पण झोकात! वेणूनं अरुंद फाटकातून तो असा आत घेतला, की खांबाचा चुनासुद्धा निघाला नाही. मागे हौद्यात, सतरंजीवर, चारही टायर ऐटीत बसले होते. तालमीतल्या पोरांनी फळीवरून ढकलत चढवलेले. प्रत्येकाला फेटा, गळ्यात झेंडूचा हार, वर गुलाल!

"हे काय सोंग?" सुभेदार किंचाळले.

"टायर बसवले, तात्या! ट्रकवरच. पत्रा शाबूत आहे, ट्रक जमिनीवर आहे आणि टायर तासले नाहीत, उलट नटवलेत!"

"अगं, बसवणं म्हणजे चाकाजागी! नटबोल्ट आवळून!"

"तुमच्या घरी गणपती बसवला, तेव्हा कुठले नटबोल्ट आवळले होते?"

गर्दीतून शिट्टी वाजली. सुभेदार लालबुंद झाले. "शब्दात पकडतेस? टायर गाडी वाहायला असतात, गाडीत बसायला नाही!"

"बरं. हे टायर आले कुठून?"

"लष्करातून!"

"तिथली नोकरी झाली त्यांची?"

"झाली. म्हणून तर लिलावात निघाले."

"म्हणजे पेन्शनीवर आले! आता तुम्हीच सांगा, आपल्या गावचा माणूस फौजेतून पेन्शनीवर आला, की आपण काय करतो? फेटा बांधून, गुलाल उधळून, ट्रकवर बसवून मिरवतो. तुम्हालाही याच ट्रकवर बसवलं होतं, माझ्या बाबांनी चालवला होता. तेव्हा तुम्हाला काय चाकाजागी आवळलं होतं?"

हलगी थांबली. सगळे सुभेदारांकडे बघू लागले. त्यांच्या मिशीचं एक टोक थरथरलं. मग दुसरं. मग पोट हललं, बशी हलली, चहा धोतरावर सांडला, आणि सुभेदार खांबाला धरून असे हसले, की परसातली कोंबडी छपरावर गेली!

"हरलो गं, हरलो!" त्यांनी डोळे पुसले आणि चारही टायरांना कडक सॅल्यूट ठोकला.

वेणूनं चावी पुढे केली. "ही घ्या."

"ठेव तुझ्याकडे! ट्रक तुझा, पगार बापाएवढा, आणि हा वर इनाम!" सुभेदारांनी डोक्यावरचा जरीचा फेटा काढून वेणूच्या डोक्यावर ठेवला.

"आणि मी, काका?" मागून बबननं विचारलं.

"तू मासे बघ!"

सुभेदार धोतर सावरत हौद्यात चढले आणि दोन टायरांच्या मधे जाऊन उभे राहिले. "चल, घे गाडी! मिरवणूक अर्धीच राहिलीय!"

वेणूनं खिडकीतून मान बाहेर काढली. "तात्या, आधी नीट बसा!"

"बसतो की! चाकाजागी सोडून कुठंही बसतो!"