हत्तीच्या कानामागचे भोक

एका शहराच्या कुंभारवाड्यात दोन भाऊ राहत होते. ज्या दिवशी बागेची बातमी आली, तो दिवस इतर दिवसांसारखाच होता. थोरला अंगणात लीद मिसळलेली माती तुडवत होता आणि धाकटा चाकावर पणत्या करत होता.

बातमी घेऊन बागेचे काम पाहणाऱ्या एक बाई आल्या. शहरातला जुना कचऱ्याचा माळ साफ करून तिथे सगळ्यांसाठी बाग होणार होती. दर रविवारी तिथे गाणी होतील, नाटके होतील, गोष्टी सांगितल्या जातील. शाळांमधल्या तीनशे मुलांनी मातीचे एकेक पाखरू करायचे, आणि ती पाखरे बागेच्या भिंतीवर बसवायची, असेही ठरले होते. दारात मात्र एक मोठा हत्ती हवा होता.

थोरल्याने हात धुतले, पंच्याला पुसले आणि तो पुढे आला. वडील गेल्यापासून मोठी कामे त्याच्याकडेच येत. पण बाईंनी पिशवीतून बाजारात घेतलेला एक इवलासा हत्ती काढला.

"हा ज्यांनी केला, ते कोण?" त्यांनी विचारले.

धाकट्याने चाकावरूनच हात वर केला.

त्या दिवसापासून थोरल्याला जेवण गोड लागेना. पाणवठ्यावर लोक थट्टा करत. "काय दादा, आता भावाच्या हाताखाली माती तुडवणार का?" तोही हसे, पण घरी येईपर्यंत ते शब्द त्याच्याबरोबर येत. धाकट्याला काम शिकवले मी, त्याचा अंगठा धरून चाकावर ठेवला मी, आणि शहराच्या दारात उभा राहणार तो, असे त्याच्या मनात सारखे येई.

हत्ती आकाराला आला. धाकट्याने त्याला पोकळ केले, पोटाखाली मडक्यासारखे उघडे तोंड ठेवले. डोके जड झाले म्हणून मानेत आतून मातीची भिंत घातली. पुढचे मात्र त्याला ठाऊक नव्हते. त्याने जन्मभर मडकी केली होती, आणि मडक्याला तोंड असतेच. आता हत्तीचे डोके चारी बाजूंनी बंद झाले होते. अशा बंद पोकळीतली हवा तापली की माती फोडून बाहेर पडते. थोरल्याला हे माहीत होते. वडिलांनी देवळासाठी नंदी केला, तेव्हा कानामागे काडीने भोक थोरल्यानेच पाडले होते. धाकटा तेव्हा पाळण्यात होता.

कुंभारवाड्याचा भांडी भाजायचा आवा सगळ्यांचा मिळून एकच. मधोमध हत्ती ठेवला आणि त्याच्याभोवती मुलांची तीनशे पाखरे रचली. तिथली रीत अशी, की विस्तव देण्याआधी घरातल्या मोठ्याने एकेका वस्तूवर टिचकी मारायची आणि आवाज ऐकायचा. थोरल्याने टिचक्या मारल्या. हत्तीच्या डोक्यावर मारली, तेव्हा आवाज आतल्या आत घुटमळला.

"दादा, काही राहिलंय का?" धाकट्याने विचारले.

थोरल्याचे बोट अजून हत्तीच्या कपाळावर होते. फुटले तर एकटे हत्तीचे डोके फुटेल, त्याला वाटले. धाकट्याचे थोडे हसे होईल, मग बाई माझ्याकडे येतील.

"नाही," तो म्हणाला. "लाव आता."

दुपारी आव्यातून धडाका ऐकू आला. डोके फुटले, पण ते एकटे फुटले नाही. त्याचे तुकडे चहूकडे उडाले आणि वरचा थर खाली कोसळला. आवा निवल्यावर उघडला, तेव्हा अकरा पाखरे तेवढी शाबूत निघाली. पाखरू न्यायला आलेली मुले बराच वेळ तिथेच उभी राहिली. एक मुलगी राखेतले पंख गोळा करून हे कुणाचे, हे कुणाचे, असे विचारत होती.

"माझीच माती कच्ची राहिली," धाकटा सगळ्यांना सांगत होता. थोरला ऐकत होता.

मुलांनी पाखरे पुन्हा केली. हत्तीचे काम मात्र बाईंनी थोरल्याला दिले, आणि माती तुडवायला धाकटा आला. डोके पुरे झाल्यावर थोरल्याने काडी घेतली आणि कानामागे भोक पाडले.

धाकट्याचे पाय मातीत थांबले. "दादा, ते कशाला?"

"बाबांची पद्धत होती," थोरला म्हणाला.

धाकट्याने त्या भोकाकडे पाहिले, मग भावाकडे पाहिले. तो पुन्हा माती तुडवू लागला.

बाग उघडली. हत्तीपाशी लोकांनी थोरल्याला हार घातला, टाळ्या वाजवल्या. धाकटा गर्दीत मागे उभा होता, तोही टाळ्या वाजवत होता. थोरल्याने ठरवले, आज घरी गेल्यावर सांगायचे. मग मनाशी म्हणाला, दिवाळी होऊ दे. दिवाळी झाली, संक्रांत झाली. उन्हाळ्यात धाकटा तापाने आजारी पडला आणि नवव्या दिवशी गेला.

तात्पर्य एवढेच, की दुसऱ्याचे बरे झालेले न पाहवून आपण गप्प बसतो, तेव्हा त्यात किती जणांचे काय मोडेल हे आपल्या हाती राहत नाही. आणि चूक कबूल करायची तर ऐकणारा समोर आहे तोवरच करावी.

थोरल्याचे सांगायचे राहून गेले.